लॉगबुकातली आजारी बाई

माननीय अध्यक्ष साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, यांचे चालक बंधू आणि सभागृहातल्या माझ्या बहिणींनो,

आज हे ड्रायव्हरकीतून निवृत्त झाले; निरोपाला काय काय मिळालं ते आधी सांगते. भिंतीवरचं घड्याळ, प्रवासाची बॅग, हार. तुम्ही पदरमोड करून दिलंत, देव तुमचं भलं करो. चौथं आलं सकाळच्या टपालाचं पाकीट. सेवापुस्तकात ‘मिसयूज’चा शेरा आहे, म्हणून यांच्या पेन्शनचा निर्णय पुढल्या महिन्याच्या बैठकीत होणार.

मी मॅट्रिक. लेकीचा शब्दकोश काढला. मिसयूज म्हणजे गैरवापर. वस्तू नेमलेलं काम सोडून भलत्या कामाला लावणं. शब्द खरा आहे. पण लावला कुणाला?

गाडी दारात उभी असताना दळणाचा डबा मी डोक्यावरून आणलाय. “अहो, वाटेवरच तर आहे,” म्हटलं, की हे म्हणायचे, “अगं, गाडी कचेरीची, दळण आपलं.” आणि गाडीच्या लॉगबुकात? कुणाचा पंखा दुरुस्तीला गेला, कुणाचे पाहुणे स्टेशनवर गेले. सगळ्यांपुढे एकच, ‘कार्यालयीन काम’. हसताय कसले? त्यात तुमचेही पंखे आहेत.

चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी मात्र यांनी लिहिलं, ‘आजारी बाईस दवाखान्यात नेले.’ खरं लिहिलं, म्हणून पकडले गेले. चौकशीत विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून? हे गप्प. घरी मी रडून विचारलं, तर म्हणाले, “ज्यांनी पाठवलं ते बोलतील.”

अहो, पदर ओढू नका माझा. बोलू द्या.

अध्यक्ष साहेब, तेव्हा इथले मोठे साहेब आपणच होतात. ती बाई म्हणजे आपल्या मातोश्री. “आधी आईला ने, कागदाचं मी बघतो,” हे आपलेच शब्द; आज पाकीट वाचल्यावर यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाले. त्या वाचल्या, हे देवाचे उपकार. गाडीचा याहून चांगला वापर मला ठाऊक नाही. पण कागदाचं बघायचं राहिलं.

आपण पाणी घ्या, साहेब. मला घाई नाही.

माझं मागणं एका ओळीचं आहे. ‘गाडी माझ्या तोंडी हुकमाने गेली होती,’ एवढं बैठकीआधी सही करून पाठवा.

आपण सगळ्यांनी यांना माया दिलीत, मी ऋणी आहे. भरल्या सभेत बाईमाणूस जास्त बोललं असेल, तर पोटात घाला. साहेब, होय असो की नाही, उलट टपाली कळवावं. नाही म्हणालात तरी चालेल. पण चौदा वर्षं हे आपल्या होयची वाट बघतायत, ते तरी थांबेल.