आबांच्या गळ्यातलं मंगळसूत्र

तुमी हसाल, पण आमच्या आबांनी एकदा भर दवाखान्यात मंगळसूत्र घातलं होतं.

मायच्या गळ्याला गाठ आलती, म्हणून पूर्णेहून रेल्वेनं हैदराबादला नेलं. तिथं म्हणं दंडात औषध टोचतात, ते गळ्यात जाऊन बसतं अन् मशीन त्याचा फोटो काढती. नर्सनं दागिने काढायला सांगितलं. मायनं कानातलं काढलं, अन् मंगळसूत्र मात्र गळ्याशी दाबून वरून पदर गुंडाळला.

फोटोत नेमका गाठीवर मोठा डाग. मशीनवाल्यानं विचारलं, "अम्मा, गले में कुछ था क्या?"

माय रडायलाच लागली. आबांना म्हणाली, "तुमी असताना कसं काढू? तुमाला काई झालं म्हंजी?"

"मला व्हायचं ते मी बघून घेतो. आण हिकडं," म्हणून आबांनी ते स्वतःच्या गळ्यात अडकवलं. "जा आता, अन् हलू नको."

दुसऱ्या फोटोत डाग गायब. माय बाहेर येऊन म्हणाली, "काढा बगू, लोक बघायलेत."

"बघू दे. डॉक्टर चांगलं म्हणेस्तोवर काढत न्हाई."

दिवसभर आबा तसेच बाकावर बसले. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, गाठ साधी हाय. तवा कुठं आबांनी मंगळसूत्र काढून मायच्या हातावर ठेवलं.

तर आमची लाजरी माय सगळ्यांसमोर म्हणती कशी, "हातात काय देता? लग्नात हातात दिलतं का?"