चाव्यांचा जुडगा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय बाळासो मामा, आमचे दिग्दर्शक जयसिंग आण्णा, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, रांजणगावहून पहिली पाळी करून थेट इथं आलेले माझे कामगार बंधू-भगिनी, आणि जिच्यासाठी आज शिरूरचा हा हॉल भरलाय ती आमची धनश्री.

धनश्रीच्या यजमानांची रेल्वेतली बदली दौंडहून भुसावळला झाली, म्हणून ती आपलं नाट्यमंडळ सोडून चालली. तिच्याविषयी चार गोड शब्द बोलायला तुम्ही मला उभं केलंत. माणूस चुकीचा निवडलात. मी हिच्यावर इतकी वर्षं जळतेय.

हसू नका, खरं सांगते. आण्णांनी कुठलीतरी जुनी इंग्रजी कादंबरी वाचली आणि तिच्यातला बंगला उचलून भीमेच्या काठी आणून ठेवला. बंगल्याचा मालक, त्याची नवी नवरी आणि वरच्या मजल्यावर एक बंद खोली. त्या खोलीत मालकानं आपल्या थोरल्या भावाला कोंडलंय आणि गावाला सांगितलंय की तो मेला. चावी असते घर सांभाळणाऱ्या बाईकडं. धनश्री झाली नवरी, मी झाले ती बाई. हिला हिरवा शालू, मला काळं लुगडं. पुढं कामगार स्पर्धेसाठी त्या नाटकाची एकांकिका केली, तर माझी निम्मी वाक्यं कापली आणि हिचं रडणं वाढवलं. मग केबलवर दाखवायला व्हीसीडी काढली. कव्हरवर हिचा फोटो. त्यात माझी नुसती कंबर दिसते, जुडग्यासकट. आता तुम्हीच सांगा, कुणाला राग येणार नाही?

मांडवगण फराट्याचा प्रयोग आठवतोय ना? पडदा पडला आणि गावातल्या बाया नारळ-तांदूळ घेऊन रंगपटात शिरल्या. कशाला, तर नव्या नवरीची ओटी भरायला. नवरी नाटकातली का असेना, आपल्या गावातून रित्या पदरानं कशी पाठवायची? धनश्रीचा पदर भरून सांडला. मी कोपऱ्यात तोंडाचा रंग पुसत बसले होते. तेवढ्यात बयाबाई नावाच्या म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"भवाने, त्या पोरीला चावी द्यायला एवढा उशीर का लावलास? आत कोंडलेला जीव हाय, कळत न्हाई तुला?"

अहो, शेवटच्या प्रवेशात मी चावी देतेच की. पण ती ऐकेल तर शप्पत. तिनं माझ्या कंबरेचा जुडगा हातात घेऊन एकेक चावी चाचपली, मग मला सोडलं. हिला ओटी आणि मला शिव्या.

असो. भूमिका सोडणाऱ्यानं त्या भूमिकेची वस्तू सगळ्यांदेखत पुढच्याच्या हाती द्यायची, हा आपल्या मंडळाचा रिवाज. मघाशी आण्णांनी जाहीर केलं, यापुढं नवरी गौतमी करणार. म्हणजे मी. धनश्रीनं शालू माझ्या हातात दिला. तुम्ही टाळ्या वाजवत होता, त्यामुळं ती माझ्या कानाशी काय बोलली ते तुम्हाला ऐकू आलं नाही. म्हणाली, "गौतमी, त्या म्हातारीनं माझी ओटी भरली नाही गं. ती सरळ तुझ्याकडं गेली. तवापासून मी तुझ्या त्या जुडग्यावर जळतेय."

आता रिवाजाप्रमाणं जुडगा मी सोनमला द्यायचा. ती बघा, पहिल्या रांगेत बसलीय. पोरगी गुणी आहे, आवाज खणखणीत आहे. उद्या माझं काळं लुगडं नेसून ती उभी राहील आणि एखादी बयाबाई तिचं मनगट धरेल. या विचारानं मघापासून मी तिच्यावरही जळतेय. म्हणून तर एवढं लांबण लावलं.

सोनम, ये बाळा, वर ये. हा शालू घे. नवरी तू कर, तुला शोभेल. आण्णा, तुम्ही रागवाल, पण आता बोलून गेले.

धनश्री, भुसावळला सुखात राहा. अध्यक्षांनी आणि तुम्ही सगळ्यांनी माझं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. चावी तेवढी मागू नका.