चाकाचा स्टँड

नारायणगावला फर्निचरच्या दुकानात माझ्यापुढं निरगुडसरच्या सासू-सुना टीव्हीचा स्टँड बघत होत्या.

"अश्विनी, स्टँडला चाकं कशाला गं?"

"झाडायला बरं पडतं, आत्या."

"इतकी वर्षं टेबलाखाली झाडत न्हवतीस व्हय?"

"वाकून वाकून कंबर गेली."

"चाकं असली की टीव्ही तुझ्या खोलीत जाणार."

"मंग तुमीबी या की बघायला."

"म्हंजी जाणारच. त्यापरीस भिंतीला ठोकू. कुणी हलवायचा न्हाई."

"कुठल्या भिंतीला?"

"बैठकीच्या. दुसऱ्या कुठल्या?"

"ती खोली मोठ्या भावजींच्या वाटणीत गेली ना, आत्या. परवा पंचांपुढं तुमीच व्हय म्हणाला."

म्हातारीनं स्टँडचं एक चाक बोटानं फिरवून बघितलं. मग दुकानदाराला विचारलं,

"भाऊ, ही चाकं उंबऱ्यावरनं जात्यात का?"