पस्तीस इंचांचा तोरा

...आणि वर मलाच म्हणतो, "लोरेन, तुला त्यातलं कळत नाही!" मला! तुम्हाला सांगते, बावीस वर्षं मी पोस्टात पार्सलं हाताळतेय, कुठलं खोकं कुठल्या खणात बसेल हे मला नुसत्या नजरेनं कळतं, आणि चार टायरांचं मला कळत नाही? अहो, टायरात कळायचंय काय? गोल असतो, काळा असतो, जमिनीवर टेकवायचा असतो... संपलं! पण नाही. आमच्या ओरेस्टला पिकअप शोभून दिसायला हवी होती. काय तर म्हणे, ट्रक उठून दिसतो! बसलेला दिसत होता तेव्हा काय वाईट दिसत होता?

बरं, ट्रक तरी याचा का? सासऱ्यांचा! वासिल आमचे, चौऱ्याऐंशीचे. डोळ्यांमुळे डॉक्टरांनी गाडी बंद केली तेव्हा किल्ली लेकाच्या हातात ठेवली आणि एकच अट घातली, "दर गुरुवारी मला झोरिया गावात न्यायचं. दहा वाजता. विंगच्या कॅफेत." बस्स. तिथे यांचे चार दोस्त. कॉफी प्यायची, पावसाला शिव्या घालायच्या, सरकारला शिव्या घालायच्या, बारा वाजता घरी. यापलीकडे त्या माणसानं आयुष्यात काही मागितलं नाही हो!

तर यंदा हिवाळा सरता सरता टायर झिजले. झिजले तर बदला! आहे तेच माप आणा, टायरवर ठसठशीत लिहिलेलं असतं. पण तेही कसं लिहितात माहितीय? दोनशे पंच्याहत्तर, मग पासष्ट, मग अठरा. मी विचारलं, हे काय, लॉटरीचा नंबर? तर म्हणे, पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. आणि तिसरा आतल्या रिमचा, तो इंचांत! आता मला सांगा, असं माप घेणाऱ्या शिंप्याकडून तुम्ही विजार शिवून घ्याल?

पण ओरेस्टला त्यात ब्रह्मज्ञान दिसलं! तीन आठवडे, तुम्हाला खोटं वाटेल, तीन आठवडे हा माणूस चाकाची उंची तेहेतीस इंच की चौतीस इंच की पस्तीस इंच यावर घुटमळत होता. माझ्या नव्या फ्रीजचं खोकं कापून त्यानं पुठ्ठ्याची चाकं केली आणि ती ट्रकला लावून अंगणात लांब उभा राहायचा, डोकं वाकडं करून. "लोरेन, इकडून बघ. आता तिकडून बघ." अरे, मला लग्नाचं विचारायला तुला एक नाच पुरला! तोही अर्धा, कारण मध्येच बँडवाले जेवायला गेले!

शेवटी गेलो टायरवाल्याकडे. कर्टिस. पंचविशीचा, दाढी पन्नाशीची. मी म्हटलं, "बाबा रे, आमचे सासरे म्हातारे आहेत, जरा बुटकं काहीतरी दे." तर तो माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, जशी मी देवळात कोंबडी घेऊन शिरलेय! म्हणतो, "वहिनी, पस्तीस घेऊन गेलेलं एकही गिऱ्हाईक आजवर तक्रार घेऊन आलं नाही." येईल कसं? खाली उतरता आलं पाहिजे ना! मग म्हणे, पस्तीसचे आत मावत नाहीत, तेव्हा खाली ठोकळे बसवून ट्रक वर उचलायचा. म्हणजे टायर ट्रकला नाही, ट्रक टायरला बसवायचा! मी म्हटलं, निदान चढायला पायरी तरी लाव. तर दोघंही एका सुरात, "छे! पायरी लावली की सगळा रुबाब जातो." काय तर म्हणे, ट्रक उठून दिसतो!

उठला हो, उठला! वळवला की घर्रर्र, चाक आत घासतंय. सरळ नेला की चिखल थेट आरशावर. आणि चाक मोठं म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर जाणार, हे तरी कळायला हवं ना? काटा दाखवतोय एकशे दहा, पोलिस म्हणतो एकशे वीस! हा भांडतोय, "साहेब, काटा बघा." तो पोलिस शांतपणे म्हणतो, "काटा बघतोय, चाकंही बघतोय." शहाणा माणूस. दंडाची पावती मी फ्रीजवर लावली.

पण हे सगळं मी हसून घेतलं असतं. खरी गंमत गुरुवारी.

सासरे आले, टोपी घातलेली, दाढी केलेली, उभे राहिले दारापाशी. ट्रकची बैठक यांच्या छातीला! ओरेस्ट वरून हात ओढतोय, सासूबाई खालून ढकलतायत, मी मागून "सांभाळा, सांभाळा" करतेय... आणि टर्रर्र! विजार. सासरे खाली उतरले, टोपी सारखी केली, म्हणाले, "आज गारठा आहे. नको." पुढच्या गुरुवारी स्टूल ठेवलं. स्टूल चिखलात कलंडलं. "आज गुडघा बरा नाही." त्याच्या पुढच्या गुरुवारी टोपीच घातली नाही. चौथ्या गुरुवारी खिडकीत बसून होते. दहा वाजेपर्यंत. सासूबाईंनी त्यांच्यापुढे कॉफी ठेवली तर म्हणाले, "युस्तिना, तुझी कॉफी चांगली आहे गं. पण तू सरकारला शिव्या देत नाहीस."

मी म्हटलं, "बाबा, मी पोस्टातून रजा काढते, माझ्या छोट्या गाडीतून चला." तर म्हणाले, "नाही. किल्ली त्याला दिली, शब्द त्यानं दिला. त्यानंच न्यायचं."

आणि ओरेस्ट? त्याला वाटलं, म्हातारा खरंच थंडीला भितोय! कॅनडातल्या या सस्कॅचेवानात जन्मलेला माणूस! उणे चाळीसमध्ये गाईंची बाळंतपणं केलेला माणूस एप्रिलच्या गारठ्याला भितोय!

पाचव्या आठवड्यात, बुधवारी, नेस्टरचा फोन आला. नेस्टर म्हणजे सासऱ्यांचा बालमित्र, कॅफेतल्या त्या चौघांतला, बायको नाताळात गेली त्याची. शुक्रवारी मुलगा त्याला दूर सॅस्कटून शहरात वृद्धाश्रमात नेणार होता. म्हणजे हा गुरुवार शेवटचा. सासऱ्यांनी फोन ठेवला, टोपी घेतली, ब्रशनं झाडली आणि खुंटीला लावली.

सकाळी मी रजा टाकून घरीच होते. साडेनऊला बघते तर सासरे अंगणात कुठे? गोठ्यापाशी! आमच्याकडे गुरं ट्रकमध्ये चढवायला लाकडी चढाव आहे, दोन्ही बाजूंना कठडे, खालून वर तिरका जाणारा. सासरे काठी टेकत टेकत त्यावर चढतायत! आणि वरच्या टोकाला पोहोचून ओरडले, "ओरेस्ट! ट्रक इथे लाव!"

ओरेस्ट म्हणे, "बाबा, काहीतरीच काय! लोक बघतील."

"बघू दे की. उठून दिसायलाच घेतलास ना?"

लावला. आणि तुम्हाला सांगते, चढावाचं टोक आणि ट्रकचं दार असं तंतोतंत जुळलं, की सासऱ्यांनी नुसतं एक पाऊल टाकलं आणि राजासारखे आत बसले! तीन आठवड्यांच्या मापांतलं एकच माप कशाला तरी बसलं, ते गुरांच्या चढावाला!

आता चढले, पण झोरियात उतरवणार कुठे? विंगच्या कॅफेसमोर चढाव कुठला? सासऱ्यांनी तेही ठरवलं होतं. "गुरांच्या बाजारात घे. समोरच तर आहे." आणि गुरुवार म्हणजे लिलावाचा दिवस! सगळा तालुका तिथे! ओरेस्टनं ट्रक मागे घेत घेत चढावाला लावला, मी मागच्या सीटवर तोंडात रुमाल कोंबून बसलेय, आणि बाजारातला माणूस वही घेऊन येतो.

"काय आणलंय?"

"वडील," ओरेस्ट म्हणाला.

"कानात बिल्ला आहे?"

मी रुमाल चावला! सासरे चढावावरून उतरायला लागले, काठी आपटत. तेवढ्यात समोरच्या कॅफेतून चारही म्हातारे कप हातात घेऊन रस्ता ओलांडून आले. एक म्हणतो, "वीस डॉलर!" दुसरा म्हणतो, "आधी दात बघा!" सासरे म्हणतात, "दात घरी पेल्यात आहेत!" कठड्याला रेलून लोक पोट धरून हसतायत. आणि मग नेस्टर, नाताळापासून ज्यानं थट्टेचा एक शब्द काढला नव्हता, तो काठी वर करून म्हणाला, "मी घेतो. बोली किती का जाईना. उद्यापासून मला तिथे बोलायला कुणी नाही."

हसू थांबलं हो. एकदम. सासरे त्याच्यापाशी गेले, दोघं तिथेच गवताच्या गठ्ठ्यावर बसले. विंगनं कॉफीचा थर्मास तिथेच पाठवला. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले... कुणी उठेना. पावसाला शिव्या झाल्या, सरकारला झाल्या, कर्टिसच्या दाढीलाही झाल्या.

निघताना सासरे परत चढावावरून वर आले. बसले. पट्टा लावला. आवाज न चढवता म्हणाले, "ओरेस्ट, नेस्टरचे पाचच गुरुवार उरले होते. त्यातले चार तुझ्या टायरांनी खाल्ले."

बस्स. घरापर्यंत ट्रकमध्ये फक्त ते चाक बोलत होतं, घर्रर्र, घर्रर्र. आमच्या ओरेस्टचे कान लालबुंद. मला दया आली का? आली. पुढच्या वळणापर्यंत टिकली.

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय हो, कितीला गेलात?" सासरे म्हणाले, "गिऱ्हाईक चांगलं होतं गं. पण तुला विचारल्याशिवाय कसा जाऊ?"

शनिवारी बघते तर ओरेस्ट ट्रकखाली पालथा पडलेला. ठोकळे काढत होता! दाराखाली पायरी लावली, दोन्हीकडे! म्हणाला, "रविवारी बाबांना सॅस्कटूनला नेतो, नेस्टरकाकांकडे. दर रविवारी नेईन." माझे डोळे भरून आले, तुम्हाला खोटं कशाला सांगू! म्हटलं, सुधारला! इतक्या वर्षांनी का होईना, देवानं ऐकलं! मी त्याच्यापाशी बसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो म्हणाला, "लोरेन, तुझंच खरं होतं. पस्तीस फारच झाले." मी म्हटलं, "मग आता मूळ माप ना रे?"

तर म्हणतो, "नाही. तेहेतीस."

काय करता? माणसाला अक्कल येते हो... पण दोन-दोन इंचांनी!