मोत्रियाआजीचा विलाप

युक्रेनमधल्या पोल्टावा शहरात, कान-नाक-घशाच्या दवाखान्यात मी मुलीचा कान दाखवायला बसले होते. समोरच्या बाकावर एक म्हातारी आणि कानात बाळी घातलेला एक तरुण.

"मोत्रियाआजी, उद्या घशाचं ऑपरेशन. आवाज राहीलच असं नाही, डॉक्टरच म्हणाले. तो मयताचा विलाप आजच म्हणा, मी फोनवर रेकॉर्ड करतो. गावात आता दुसऱ्या कुणाला येत नाही."

"लग्नाची गाणी दिली, कापणीची दिली. त्यांना तू ते यंत्राचे ठोके लावलेस, लोक नाचले. बोलले मी काही?"

"नाचले म्हणून तर पोरांना पाठ झाली!"

"पण घरात मढं नसताना विलाप म्हणायचा नसतो, लुक्यान. मरण वाट विचारत दारात येतं. आणि माझा नातू आघाडीवर बेपत्ता आहे. मेलेला नाही."

"यारेमा माझाही मित्र आहे, आजी. एकाच बँडमध्ये वाजवायचो आम्ही."

"मग असलं मागवतं कसं तुला?"

"उद्या तुमचा आवाज गेला आणि परवा तिकडून त्याची शवपेटी आली, तर रडणार कोण त्याच्यावर? मी? ठोके लावून?"

म्हातारीनं त्याच्या हातातला फोन आपल्याकडे वळवला. मी मुलीला जवळ ओढलं.

"कर चालू. पण हे तुझ्या नाचाच्या गाण्यात जाणार नाही. तो परत आला, तर माझ्यासमोर पुसायचं."

"पुसतो. शपथ."

"विलापात मेलेल्याला नावानं हाक मारतात. मी त्याचं नाव घेणार नाही. तिथं गप्प राहीन."

"बरं."

"त्या जागी काही वाजवू नकोस."