बसमध्ये चढताना आधी काय म्हणायचं

रेगेन्सबर्गच्या बसथांब्यावर मागून मराठी ऐकू आलं, तसे ऊर्मिलाचे कान टवकारले. जर्मनीत आल्यापासून नवऱ्याशिवाय ती कुणाशी धड बोललीच नव्हती. मागे उन्हाने रापलेलं एक जोडपं उभं होतं.

“सुट्टी संपली. आता परत तोंडाला कुलूप!” त्यातला नवरा म्हणाला.

“बार्बाडोसला तरी तुम्ही काय दिवे लावलेत? बसमध्ये चढलात आणि थेट विचारलंत, ही बीचला जाते का? कुणी ढुंकून बघितलं नाही.”

“आधी गुड मॉर्निंग म्हणायचं असतं, हे मला काय ठाऊक!”

“मी म्हटलं, तर अख्ख्या बसने उत्तर दिलं. एका आजींनी शेजारची आंब्यांची टोपली मांडीवर घेऊन मला बसायला जागा केली.”

“ते बेट होतं, नीता. इथे लिफ्टमध्ये म्हणतात, बसमध्ये नाही.”

“मग आज मी म्हणणार.”

“नको हं! मी रोज याच बसने ऑफिसला जातो.”

“मग तुम्ही रोज म्हणा.”

बस आली. नीता चढली आणि तिने खणखणीत आवाजात इथला नमस्कार घातला, “ग्र्यूस गॉट!”

बस चिडीचूप. नीताच्या नवऱ्याने मान खाली घातली.

“नमस्कार!” त्यांना पुढे जाऊ देऊन मागून चढणारी ऊर्मिला म्हणाली. तिचा आवाज तिच्याच अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

ड्रायव्हर हसला. “ग्र्यूस गॉट!” मग पुढच्या बाकावरच्या आजोबांनी म्हटलं, मग मागून आणखी दोघा-तिघांनी.

“ऐकलंत?” बाकावर बसलेल्या नवऱ्याला नीता म्हणाली. “आता ती शेजारची पिशवी मांडीवर घ्या. यांना बसू द्या.”