मिठाचा खडा आणि अमावास्येची सभा

सन्माननीय अध्यक्ष विश्वंभरकाका, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या भाईबंद मंडळाचे मावळते कारभारी नासेरचाचा, फातिमाबीचाची, धान्याच्या मोंढ्यातलं काम टाकून आलेले हमाल बांधव आणि मागं उभ्या असलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

व्यासपीठावर दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. त्या महाराजांसाठी आणि मौलवीसाहेबांसाठी ठेवल्या होत्या. आमंत्रण द्यायला मी स्वतः गेले होते. दोघंही आदरानं बोलले, पण आले नाहीत. तरी माझं बोलणं त्यांच्यासाठीही आहे.

चाचांच्या गौरवाआधी एक चूक दुरुस्त करते. हिंदू-मुसलमान हमालांचं हे मंडळ अमावास्येला दार लावून धर्म बुडवतं, असे आरोप महाराजांकडून आणि मौलवीसाहेबांकडून झाले, तेव्हा उत्तराचं जे पत्रक जवळा बाजारात वाटलं, ते मी लिहिलं होतं. 'आमची सभा रविवारी भरते, अमावास्येला भरते हा अपप्रचार आहे,' असं त्यात छापलं आहे. ते चूक आहे. सभा अमावास्येलाच भरते.

मला अक्षरं शिकवली ती माझ्या बाबांनी, वैजनाथ हमालांनी, घरी, रिकाम्या पोत्यांवरच्या छापांवरून. "मोंढ्याला सुट्टी आसली की आमची सभा," एवढंच ते सांगायचे. मी लहान असतानाच ते गेले. मग मी हिंगोलीला मामांकडं शाळेत गेले, आणि सुट्टी म्हणजे रविवार हे डोक्यात बसलं. अमावास्येला सौदे होत नाहीत, हमालाचे हात त्या दिवशी मोकळे असतात, एवढं साधं कारण मी कुणाला विचारलंच नाही, आणि पत्रक छापण्याआधी कुणाला वाचूनही दाखवलं नाही.

दुसरा आरोप दीक्षेचा. मीठ जिभेवर ठेवून हे लोक वेगळीच शपथ घेतात, असं दोन्हीकडून म्हटलं गेलं. पूर्वी गाडी रिकामी करायच्या पाळीवरून हमालांत हातघाई व्हायची. म्हणून ठरलं, सभेला बसताना प्रत्येकानं मिठाचा खडा तोंडात धरायचा, तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही. तेवढ्यात राग उतरतो. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यापासून विश्वंभरकाका बारीक खडा घेतात, आणि सगळ्यांच्या आधी बोलायला लागतात. अध्यक्षांनी माफ करावं. यात कोणता देव सोडला, कोणता धरला?

राहिला खांद्याचा प्रश्न, एका धर्माचा माणूस दुसऱ्याच्या मयतीला खांदा देतो हा. बाबांच्या तिरडीला चाचांचा खांदा होता. स्मशानात विधी सुरू झाला तेव्हा ते लांब बाभळीखाली जाऊन उभे राहिले. आमचा विधी आमच्या माणसांनी केला. सगळं आटोपल्यावर ते मला घरापर्यंत सोडायला आले. त्यात कुणाचा धर्म बुडाला, हे मला अजून कळलेलं नाही.

मात्र महाराजांचा एक प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. दार बंद का? सभेत माणूस घरातलं दुखणं सांगतो, कधी रडतो, ते रस्त्यानं जाणाऱ्यानं ऐकू नये म्हणून. पण मी बाहेरची असते, तर मलाही संशय आला असता.

आणि माझ्या पत्रकानं तो संशय पक्का केला. गावाच्या भर बैठकीत ते चाचांपुढं धरलं गेलं. अमावास्येला सगळ्यांनी तुम्हाला आत जाताना पाहिलंय, मग खोटं काहून छापलं, असं विचारलं. लिहिणाऱ्याचं नाव मागितलं. चाचा म्हणाले, "कारभारी मी हाव. जे काय इचारायचं ते मला इचारा."

तेव्हापासून ते गावात खोटारडे ठरले. सलामाला थांबणारी माणसं वाट बदलून जाऊ लागली. मंडळातले कित्येक जण सभेला यायचे बंद झाले. चाचांनी तब्येतीचं कारण देऊन पद सोडलं. खरं काय ते मला फातिमाबीचाचींकडून गेल्या आठवड्यात कळलं. मी धावत गेले, विचारलं, चाचा, माझं नाव काहून नाही सांगितलं? ते म्हणाले, "लेकरानं मन लावून लिव्हलं व्हतं. तुझं नाव घेऊन वैजनाथला काय तोंड दाखवू?"

म्हणून आज सर्वांसमक्ष सांगते. चाचा खोटं बोलले नाहीत. ते वाक्य माझं, चूक माझी, माझं नाव शिवकन्या वैजनाथ.

हा हार चाचांच्या गळ्यात घालताना मला आनंद झाला, असं म्हणवत नाही. त्यांची जागा घ्यायला आज कुणी तयार नाही. मंडळ टिकेल की नाही, मला माहीत नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलताना कुणाचं मन दुखलं असेल, वडीलधाऱ्यांचा मान राखण्यात उणं पडलं असेल, तर पदरात घ्या. चाचा, तुम्हीही.

एवढं सांगून थांबते. सभेत आजवर बाई बसली नाही, पण बसू नये असा नियम नाही, हे काकांना विचारून घेतलं आहे. या दोन रिकाम्या खुर्च्या मी सभेच्या खोलीत नेऊन ठेवणार आहे. दार उघडं राहील. जुम्म्याची नमाज आटोपल्यावर मी तिथं तोंडात मिठाचा खडा धरून बसलेली असेन, कुणी आलं तरी, नाही आलं तरी. येत्या शुक्रवारी, एकोणीस डिसेंबरला. त्या दिवशी अमावास्या आहे.